मदत हवी आहे : आईची उन्हाळी, शहाळं आणि बीपीची गोळी

आम्ही गुहागरजवळ राहतो. आई ६२ वर्षांची. चार महिन्यांत तिसऱ्यांदा उन्हाळी लागली आहे: लघवीला जळजळ, दर अर्ध्या तासाला जावं लागतं. ताप, कंबरदुखी, रक्त यांतलं काही नाही. साखर नॉर्मल, सोनोग्राफीत खडा नाही. मागचे दोन्ही अँटिबायोटिकचे कोर्स तिने पूर्ण केले होते. या वेळी लघवी कल्चरला दिली आहे, रिपोर्टला तीन दिवस लागतील. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच घेणार, त्या टाळायच्या नाहीत.

तोवर आराम पडावा म्हणून रात्री भिजवलेल्या धण्यांचं पाणी आणि जवाचं पाणी देतेय, थोडं बरं वाटतं. कोकम सरबताने मात्र जळजळ वाढली, ते बंद केलं. वाडीतली शहाळी रोज दोन देत होते, पण तिला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. त्या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि शहाळ्यातही ते भरपूर असतं, हे कळल्यापासून हात आखडलाय. शेजारच्या काकू गोखरूचा काढा द्या म्हणतात.

टेल्मिसार्टन घेणाऱ्या घरच्या कुणाला डॉक्टरांनी शहाळ्याचं नेमकं किती प्रमाण सांगितलंय? आणि त्या गोळीसोबत गोखरू चालतो का?