अजिंठ्याच्या तारखा : दगडात किती, कल्पनेत किती?

वाघूरकाठ
वॉल्टर स्पिंक यांच्या ‘अजंता : हिस्टरी अँड डेव्हलपमेंट’ या सात खंडांबद्दल मला इथे वाद घालायचा आहे. हा अमेरिकी अभ्यासक पन्नासहून अधिक वर्षं अजिंठ्यात रमला. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही, तक्रार ग्रंथाच्या ठाम स्वराबद्दल आहे.

9, 10 सारखी जुनी सातवाहनकालीन लेणी सोडली तर बाकी सगळं काम विदर्भातल्या वाकाटक घराण्याचा राजा हरिषेण याच्या काळात, साधारण इ.स. 462 ते 480 मध्ये उरकलं, असा त्यांचा सिद्धांत. इथवर वाद घालता येतो, म्हणजे ठीकच आहे. पण पुढे कोणत्या वर्षी काम थांबलं, कोणत्या वर्षी पुन्हा सुरू झालं, 477 मध्ये हरिषेण अचानक कसा गेला, अशी वर्षावार हकीकत सुरू होते. हरिषेणाच्या मृत्यूचं साल सांगणारा एकही शिलालेख नाही. लेणे 16 मधला, हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख राजाचं नाव घेतो, साल देत नाही. लेणे 1 खुद्द हरिषेणाचं, असं स्पिंक म्हणतात. तिथे तसं सांगणारा लेखच नाही. आणि मराठीत हे सगळं उतरतं तेव्हा मागचा ‘सुमारे’ही गळून पडतो.

कातळकोर
पूर्ण असहमत. तुम्ही तारखांवर अडलात आणि पद्धत पाहिलीच नाहीत. भिक्षूंच्या कोठड्यांची दारं ज्यावर फिरायची ते खळगे कसे कोरले, ती रीत कशी बदलत गेली, हे त्यांनी लेण्यालेण्यांत जाऊन तपासलं. कुठला खांब अर्धवट सोडला, कुठे गिलावा घाईत चढवला, मूळ आराखड्यात नसलेली बुद्धमूर्ती नंतर कुणी मोकळ्या जागी घुसवली, याची इतकी बारीक नोंद आधी कुणी केली होती? शैलीकडे पाहून ‘हे सहावं शतक, ते सातवं’ म्हणणाऱ्यांपेक्षा हा माणूस छिन्नीच्या खुणा वाचत होता. ठाम मांडणी केली म्हणूनच ती खोडता येते. मोघम लिहिणाऱ्याला कुणी खोडायचं?

विदर्भकन्या
यात आमच्या वाशीम जिल्ह्यातला हिस्से-बोराळ्याचा शिलालेख यायलाच हवा. देवसेन वाकाटकाचा, शके 380 म्हणजे इ.स. 457-58 चा. हरिषेण हा देवसेनाचा मुलगा, म्हणजे स्पिंक यांच्या सुरुवातीच्या तारखेला भक्कम आधार आहे. वाकाटकांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी हरिषेणाला 475 ते 500 च्या सुमारास ठेवलं होतं. हा लेख नंतर उजेडात आला. आरंभाबाबत म्हणून मी कातळकोर यांच्या बाजूने. शेवटाबाबत मात्र नाही. वाकाटकांच्या पडझडीचा तपशील स्पिंक दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत कथाग्रंथातल्या आठव्या उच्छ्वासावरून, म्हणजे प्रकरणावरून, भरतात. त्या कथेत वाकाटकांचा इतिहास दडलाय, हे आधी मिराशींनीच सुचवलं होतं. कल्पना सुंदर आहे. पण कथेवरून राजाच्या मृत्यूचं साल काढायचं?

वाघूरकाठ
नेमकं हेच. 1879 मध्ये ब्रिटिश वास्तुइतिहासकार फर्ग्युसनने लेणे 1 च्या एका चित्रात सातव्या शतकातला चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारातला इराणी वकील ओळखला आणि त्या एका ओळखीपायी ते लेणं सातव्या शतकात जाऊन बसलं. आज ती ओळख बहुतेक अभ्यासक मानत नाहीत, तरी मधल्या कितीतरी पुस्तकांत ती उतरत राहिली. विद्वानाने लिहिलेली देखणी गोष्ट पुसायला फार वर्षं लागतात. प्रत्येक पानावर ‘हे दगडातून’ आणि ‘हे माझ्या अंदाजातून’ असा भेद हवाच.

कातळकोर
पण फर्ग्युसनला उखडलं कोणी? सगळं काम थोडक्या वर्षांत उरकलं, हा सिद्धांत मांडणाऱ्यांनीच ना!

गिलावा
मी चित्रकलेचा शिक्षक. तुमच्या वादात नोंदींचं मोल हरवू नका. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून वर्षानुवर्षं इथे बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बऱ्याच 1885 च्या लंडनमधल्या आगीत गेल्या. त्याआधी ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिलच्याही अशाच जळाल्या होत्या. भिंतीवरचा रंग तर रोज झिजतोय. म्हणून कोठडी न् कोठडी लिहून ठेवणारा ग्रंथ मला हवा, तारखा चुकल्या तरी. माझं म्हणणं एवढंच की सात इंग्रजी खंड, तेही परदेशी प्रकाशनाच्या किमतीत, लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या किंवा संभाजीनगरच्या विद्यार्थ्याच्या हाती कसे पडणार? निदान लेणीनिहाय वर्णनाचा भाग तरी मराठीत यावा.

विदर्भकन्या
गिलावा, अनुमोदन. पण अनुवाद करताना टिपा आपल्या घाला. लेणे 26 चंच बघा. बुद्धभद्र या भिक्षूच्या लेखात अश्मक राज्याच्या मंत्र्याचा, भव्विराजाचा, गौरव आहे आणि हरिषेणाचं नावही नाही. स्पिंक म्हणतात, अश्मकांनी नुकतीच वाकाटकांची सत्ता झुगारली होती, म्हणून तो लेख 478 च्या आसपासचा. मला तो वीस-तीस वर्षांनंतरचा का नसावा, याचं उत्तर त्यांच्या युक्तिवादात सापडत नाही. कातळकोर, तुम्हाला सापडलं असेल तर मांडा.

कातळकोर
मांडतो. वीस-तीस वर्षं काम चालू होतं म्हणता, तर मग इतकी लेणी अर्धवट का राहिली? त्या अवधीत ती पुरी झाली असती.

वाघूरकाठ
पैसा आटला, दाते गेले, वाटा बदलल्या. अपुरं काम काहीतरी बिघडल्याचा पुरावा आहे, ते कोणत्या साली बिघडलं याचा नाही.