संगणकाच्या वर्गातून मुले तिसऱ्या महिन्यात का गळतात?

प्रश्न

नमस्कार. शहरातील दाटीवाटीच्या एका वस्तीत आम्ही काही जण १४ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी संगणकाचा विनामूल्य वर्ग चालवतो. देणगीतून मिळालेले ८ जुने लॅपटॉप आहेत आणि शिकवायला नोकरी सांभाळून येणारे स्वयंसेवक आहेत. सुरुवातीला २२ मुले येत होती. तिसरा महिना संपताना ९ उरली. आमच्यापैकी काहींचे म्हणणे आहे की नवी यंत्रे घ्यावीत, तर काहींना वाटते की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा अवघड जाते, म्हणून अभ्यासक्रम सोपा करावा. मला दोन्ही कारणे अपुरी वाटतात, कारण गेलेल्यांमध्ये चांगली चुणूक असलेली मुलेही आहेत. ज्यांनी असे काम दीर्घकाळ केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

अभ्यासक्रमाला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासावी, असे मी आग्रहाने सुचवेन: प्रत्येक मुलाला सलग तीन महिने तीच व्यक्ती भेटली का? मुलांना मोठ्या वयाच्या मार्गदर्शकाशी जोडून देणाऱ्या अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या जुन्या संस्थेच्या उपक्रमातील मुलांच्या माहितीवरून ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे मार्गदर्शकाशी असलेले नाते वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकले, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. पण ज्यांचे नाते तीन महिन्यांच्या आतच तुटले, त्या मुलांचा स्वतःविषयीचा आदर कमी झाल्याचे दिसले. म्हणजे अर्ध्यावर सोडलेली सोबत निरुपयोगी ठरते एवढेच नव्हे, तर ती इजाही करते. ज्या मुलाने मोठ्या माणसांची आश्वासने मोडताना आधीच पाहिली आहेत, त्याला आणखी एक ‘दादा’ न सांगता नाहीसा झाल्यावर काय वाटत असेल, याचा विचार आपण स्वयंसेवक फारसा करत नाही. मी स्वतः हे उशिरा शिकलो आणि त्याची खंत आजही आहे. आता आमच्याकडे किमान एक वर्ष येण्याची तयारी नसलेल्यांना आम्ही यंत्रदुरुस्तीचे किंवा हिशेबाचे काम देतो, मुले सोपवत नाही.

उत्तर २

यंत्रांविषयी थोडक्यात लिहितो. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स या मोफत संगणक प्रणालीची हलकी आवृत्ती बसवली तर ते बहुधा कामापुरते चालतात, आणि स्क्रॅच ही मुलांसाठीची चित्रमय प्रोग्रामिंग भाषा इंटरनेटशिवायही वापरता येते. केवळ यंत्रे वाटून शिक्षण सुधारत नाही, हे पेरूमध्ये दिसले आहे: तेथे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप) योजनेचे मोठे मूल्यमापन २०१२ मध्ये आले आणि गणित व भाषेच्या गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. याउलट बोस्टनमध्ये १९९३ साली कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांसाठी सुरू झालेल्या ‘कॉम्प्युटर क्लबहाउस’मध्ये मुलांनी आपल्या आवडीचे काहीतरी घडवावे आणि मोठ्यांनी सोबत राहावे, यावर भर होता. तुमच्या मुलांना पायथन कशासाठी शिकायचे आहे, हे त्यांना कधी विचारले होते का?

उत्तर ३

मी अशाच एका वर्गात शिकले आणि आता संगणक क्षेत्रात नोकरी करते, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. मला घरी धाकट्या भावाला सांभाळावे लागे, त्यामुळे मी अनेकदा उशिरा पोहोचायचे, आणि तोवर पुढे गेलेला धडा गाठण्याची लाज वाटून दारातूनच परत जायचे. पडद्यावर चूक दाखवणारा संदेश इंग्रजीत येई. तो कळला नाही हे सर्वांसमोर कबूल करण्यापेक्षा न येणे सोपे वाटे. आमच्या ताईंनी दोन गोष्टी केल्या. उशिरा येणाऱ्यासाठी शेजारची खुर्ची रिकामी ठेवली, आणि माझ्या कीबोर्डला त्यांनी कधीही हात लावला नाही. मी अडले की त्या तो संदेश माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत, एकेका शब्दाचा अर्थ मराठीत विचारत आणि मग थांबत. ते थांबणे फार लांब वाटायचे, पण चूक स्वतः सापडल्यावर पुढच्या वेळी यावेसे वाटले ते त्यामुळेच. मुले का गेली, हे त्यांच्या घरी जाऊन विचारावे. मात्र हजेरीची चौकशी वाटेल अशा सुरात विचारू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे आभार. काल रात्री हजेरीपट पुन्हा काढून पाहिला. गळालेल्या १३ मुलांपैकी ८ जण एकाच स्वयंसेवकाच्या गटातील होते. त्या स्वयंसेवकाची दुसऱ्या महिन्यात नोकरीत बदली झाली आणि आम्ही ती मुले इतर गटांत वाटून टाकली. ते का गेले, हे मुलांना कोणीही सांगितले नाही, मीसुद्धा नाही. त्या स्वयंसेवकाशी आज बोललो. या आठवड्यात ते फोनवरून प्रत्येक मुलाशी स्वतः बोलणार आहेत, आणि त्यानंतर मी त्या ८ घरी जाणार आहे.