मदत हवी आहे: यंत्र बसवल्यावर स्त्रियांना फायदा कमी होतो, हे खरे आहे का?

सांजवात
आईच्या हृदयात यंत्र बसवण्याचा सल्ला मिळाला आहे आणि होकार की नकार, हे परवापर्यंत कळवायचे आहे. काल रात्री वाचनात आले की या यंत्रांमुळे पुरुषांचे मृत्यू कमी होतात, पण स्त्रियांच्या बाबतीत तसे सिद्ध झालेले नाही. उलट बसवतानाची गुंतागुंत त्यांच्यातच जास्त होते. ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवले, ही माझीच चूक. तेव्हापासून ती "मग चिरफाड कशाला?" एवढेच म्हणते आहे. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहावे. "डॉक्टरांना विचारा" हे उत्तर नको. विचारले होते, ते "काळजी करू नका" म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे वळले.

तटस्थ
कोणते यंत्र, हेच लिहायचे राहिले आहे. पेसमेकर मंद ठोके सांभाळतो, आयसीडी जीवघेणी लय ओळखून शॉक देतो आणि सीआरटी हृदयाच्या खालच्या दोन्ही कप्प्यांना एकाच वेळी आकुंचन पावायला लावते. स्त्री-पुरुषांतील फरक या तिन्हींत सारखा नाही. आईंचे वय, पंपिंगची टक्केवारी (दर ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर टाकते) आणि ईसीजीचा अहवाल कळल्याशिवाय काहीही लिहिणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल.

सांजवात
यंत्र म्हणजे पेसमेकरच ना? बोलताना सगळे तेच म्हणत होते. वय ६६. माझा प्रश्न यंत्राच्या नावाचा नाही. बाई असल्याने फरक पडतो का, एवढाच आहे.

जुना_प्रवासी
माझ्या छातीत नऊ वर्षांपासून आयसीडी आहे. दोनदा शॉक बसला, दोन्ही वेळा वाचलो. वाचनात वेळ न घालवता डोळे मिटून बसवून घ्या. मोबाईल यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवावा, तो विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा आणि एमआरआय करण्यापूर्वी यंत्राचे कार्ड दाखवावे.

निळी_शाई
काका, तुम्ही वाचलात याचा आनंदच आहे, पण तुम्ही पुरुष आहात आणि प्रश्न नेमका तिथेच आहे; शिवाय मोबाईलचे कोणी विचारले नव्हते. सांजवात यांनी बहुधा २००९ सालच्या एकत्रित विश्लेषणाविषयी वाचले असावे. त्यात आयसीडीच्या पाच चाचण्यांतील ९३४ स्त्रियांची आकडेवारी एकत्र केली होती आणि मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नव्हती.

तटस्थ
"घट सिद्ध झाली नाही" आणि "घट होत नाही" ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि सगळा गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्याने होतो. मॅडिट-२ या आयसीडीच्या २००२ च्या चाचणीत १२३२ रुग्ण होते आणि त्यांत स्त्रिया सुमारे १६ टक्के. एससीडी-हेफ्ट या दुसऱ्या चाचणीत २५२१ पैकी २३ टक्के. इतक्या थोड्या जणींवरून ठाम निष्कर्ष निघत नाही, मग तो फायद्याचा असो वा तोट्याचा.

निळी_शाई
मान्य, पण केवळ संख्येकडे बोट दाखवून सुटका होत नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताची २०१२ मधील आकडेवारी पाहा: स्त्रियांना यंत्राचे योग्य शॉक पुरुषांपेक्षा कमी वेळा बसले आणि गुंतागुंत मात्र जास्त झाली. ज्या संकटासाठी यंत्र बसवायचे तेच कमी वेळा येत असेल, तर पारडे बदलतेच. स्त्रियांच्या शिरा बारीक असतात आणि उजव्या खालच्या कप्प्याची भिंत पातळ असते. त्यामुळे यंत्राची तार शिरेतून हृदयात घालताना फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा किंवा भिंतीला छिद्र पडण्याचा धोका त्यांना अधिक. न्यायाने सांगायचे तर यंत्राच्या जागी होणारा जंतुसंसर्ग पुरुषांत जास्त आढळतो.

कालमापक
या निमित्ताने आठवले: १९८० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात माणसाच्या शरीरात पहिला आयसीडी बसवला गेला, तो एका स्त्रीच्या. मिशेल मिरोव्स्की यांची कित्येक वर्षांची खटपट त्यामागे होती. सुरुवात तिच्यापासून झाली आणि पुढे चाचण्यांत मात्र स्त्रिया पंचमांशाच्या आसपास राहिल्या.

रुईचे_पान
मला चार वर्षांपूर्वी आयसीडी बसवला. आकड्यांत न येणारी एक गोष्ट सांगते. डाव्या खांद्याखाली त्वचेत जो कप्पा केला, त्याच्या कडेवरूनच अंतर्वस्त्राचा पट्टा जातो. पहिले तीन महिने मी तिथे मऊ कापडाची घडी ठेवत असे, आणि अजूनही गाडीचा पट्टा लावताना हात आपोआप मध्ये जातो. कुशीवर झोपले की स्तनाच्या वजनाने यंत्र खाली ओढल्यासारखे वाटते. कप्पा थोडा आतल्या बाजूला किंवा स्तनाखाली करता येतो, हे मला नंतर कळले. आधी कोणी विचारलेच नव्हते. मॅमोग्राफीच्या वेळी तंत्रज्ञाला यंत्राची कल्पना आवर्जून द्यावी लागते.

सांजवात
फाईल आता उघडली. "सीआरटी-डी" असे लिहिले आहे. पंपिंग २८ टक्के, ईसीजीत एलबीबीबी, क्यूआरएस १४२, अँजिओग्राफीत अडथळा नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ औषधे चालू आहेत, तरी जिना चढताना धाप लागते. हे आधी लिहायला हवे होते, माफ करा.

तटस्थ
मग तुम्ही वाचलेले विधान या यंत्राला जसेच्या तसे लागूच होत नाही. एलबीबीबी म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणारा विद्युत संदेश अडणे, आणि क्यूआरएस म्हणजे तो संदेश खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. इथे चित्र उलटे आहे. मॅडिट-सीआरटी या चाचणीत १८२० रुग्ण होते आणि त्यांतील सुमारे पाव भाग स्त्रिया. हृदयविफलतेची घटना किंवा मृत्यू यांचा धोका स्त्रियांत ६९ टक्क्यांनी घटला, पुरुषांत २८ टक्क्यांनी. एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये तीन चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा एलबीबीबी आणि १३० ते १४९ मिलिसेकंद क्यूआरएस असलेल्या स्त्रियांना ठळक फायदा दिसला. त्याच पट्ट्यातील पुरुषांना दिसला नाही. आईंचे १४२ नेमके तिथेच येतात. स्त्रीचे हृदय आकाराने लहान असते, म्हणून तेवढाच उशीर तिच्यासाठी प्रमाणाने मोठा ठरतो, आणि हृदयस्नायूवर व्रणही बहुधा कमी असतात.

निळी_शाई
सीआरटीबद्दल माझी हरकत नाही. "डी" बद्दल मात्र आहे. डी म्हणजे शॉक देणारा भाग. रक्तवाहिन्यांत अडथळा नसलेल्या १११६ रुग्णांवरील २०१६ च्या डॅनिश चाचणीत, ज्यांतील निम्म्याहून अधिक जणांना सीआरटी होती, आयसीडीमुळे एकूण मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. शॉक नसलेली सीआरटी-पी पुरेल का, हे विचारावे.

जुना_प्रवासी
त्याच चाचणीत आकस्मिक हृदयमृत्यू निम्म्यावर आले, हे सोयीस्करपणे गाळलेत. माझ्या घरच्यांना विचारा त्या निम्म्याची किंमत.

तटस्थ
दोघांचेही खरे आहे, आणि कमी वयाच्या रुग्णांत एकूण मृत्यूही घटले होते. ६६ हे वय सीमेवर पडते, त्यामुळे याचा निकाल इथे लागणार नाही. शीर कशी शोधणार, हेही विचारा. शीर उघडी करून किंवा सोनोग्राफीत पाहून तार घातली की फुप्फुसाला इजा होण्याचा धोका कमी होतो.

सांजवात
आईला १४२ चा अर्थ समजावून सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "त्या बाईंनी पट्ट्याचे लिहिले आहे ते पुन्हा वाच." उद्या आम्ही दोघी जात आहोत. डी की पी हे मी विचारणार आहे. कप्पा कुठे करणार, हे तीच विचारणार आहे.