शब्दचर्चा : हॅलोविन, स्पूकी आणि भुताटकी

पिठलंभाकरी : डब्लिनला असते. ऑक्टोबरअखेर मुलांना सुट्टी, दारोदार सांगाडे टांगलेले. आईला फोनवर 'हा इथला पितृपक्ष' असं सांगून मोकळी झाले. चाललं का? मुळात 'हॅलोविन' शब्दाचा अर्थ काय? आणि मुलांच्या 'स्पूकी' कार्टूनला मराठीत काय म्हणावं?

काजवा : शब्दात भूत औषधालाही नाही. 'हॅलो' म्हणजे जुन्या इंग्रजीतला संत, 'ईन' हे संध्याकाळचं स्कॉटिश आखूड रूप. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, बस. भुतं आली ती 'साविन'मुळे (रोमन लिपीतलं स्पेलिंग बघून 'सॅमहेन' म्हणू नका). सुगी संपली, गुरं डोंगरावरून खाली आणली, हिवाळा लागला, असा तो आयरिश सण. त्या रात्री परलोकाची दारं उघडतात अशी समजूत. आयरिशमध्ये नोव्हेंबर महिन्याचं नाव आजही तेच आहे. साविन नावाचा मृत्युदेव होता असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ती थाप.

पितृपक्षाशी नातं लावायचंच तर २ नोव्हेंबरशी लावा. गोव्यात, वसईत ख्रिस्ती मंडळी त्या दिवशी कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. ३१ तारखेचा दंगा वेगळा.

आणि भोपळा अमेरिकेतला बरं का! आयर्लंडात सलगम कोरत. तुमच्याकडे मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा जुन्या सलगमाची प्रतिकृती आहे. खोल गेलेले डोळे, विचकलेले दात. त्यापुढे भोपळा अगदीच गोजिरवाणा.

उंबरठा : 'स्पूकी'ला सरळ 'भुताटकी' का नको? भुताटकीची कार्टूनं.

काजवा : नको. भुताटकी म्हणजे घरावर दगड पडणं, वाळत घातलेले कपडे आपोआप पेटणं. त्यात गंमत नाही. 'स्पूक' मूळचा डच, अमेरिकेत इंग्रजीत शिरला. अर्थ भूतच, पण आता लाडावलेलं. 'भयपट'ही जड होतो. आमच्याकडे 'बागुलबुवाची कार्टूनं' म्हणतात, पोरांना लगेच कळतं.

उंबरठा : मान्य. मग त्या खात्यात डिस्नेचं १९२९चं 'द स्केलेटन डान्स' पहिलं. जेमतेम सहा मिनिटं, कृष्णधवल. एक सांगाडा दुसऱ्याच्या मांडीची हाडं उपसतो आणि त्यांनीच त्याचा पाठीचा कणा झायलोफोनसारखा बडवतो. लहान मुलं खिदळतात, मोठ्यांच्याच पोटात गोळा येतो. १९३७चं 'लोन्सम घोस्ट्स' त्याहून सौम्य : कंटाळलेली भुतंच मिकी, डोनाल्ड, गूफीला फोन करून बोलावून घेतात.

पिठलंभाकरी : आणि 'कोरलाइन'? धाकटी सहा वर्षांची आहे.

उंबरठा : अजिबात नको. डोळ्यांच्या जागी बटणं शिवायला निघालेली आई म्हणजे बागुलबुवा नव्हे, तिथे 'भेसूर'च म्हणायचं. दिग्दर्शक हेन्री सेलिक. १९९३चं 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'ही त्याचंच, लोक उगाच निर्माता टिम बर्टनच्या नावावर खपवतात. ते दाखवा, पण गोणपाटाच्या बागुलबुवाचा प्रसंग आला की शेजारी बसा.