अनुभव धागा : शाळेत कसे जायचात?

सुगरण :
काल फाट्यावर निळी एसटी थांबली. मानव विकासची, मुलींना मोफत असते ती. खिडक्यांतून नुसत्या वेण्या आणि रिबिनी. बघून डोक्यात जुनं सगळं सुरू झालं, म्हणून हा धागा. आमच्या वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत. हायस्कूल तालुक्याला, आठ किलोमीटर. दादा (म्हणजे वडील) सायकलच्या दांडीवर बसवून फाट्यापर्यंत सोडायचे. दांडीला टॉवेल गुंडाळलेला असायचा, तरी उतरल्यावर पायाला अशा मुंग्या की दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. पुढे वरच्या गावची मुक्कामी गाडी. वर्गातल्या बऱ्याच मुली पाचवीला आल्याच नाहीत. हुशार होत्या हो. "एवढ्या लांब कुठं पाठवायचं पोरीला", विषय संपला. लिहा तुमचंही.

पऱ्याकाठचा :
कोकण. मधे पऱ्या, त्यावर साकव, धरायला एक बांबू. दप्तर खताच्या पिशवीत, डोक्यावर इरलं. पोचेपर्यंत चड्डी ओली, वह्या कोरड्या. पाणी चढायला लागलं की गुरुजी पलीकडच्या पोरांना लवकर सोडायचे. त्यामुळे पाढे म्हणून घ्यायच्या दिवशी पाणी फार चढायचं.

तिसरामजला :
शाळा बिल्डिंगच्या मागेच. घंटा ऐकून घरातून निघायचो. वर्गात सगळ्यात उशिरा मीच.

सुगरण :
@तिसरामजला 😂😂 घराजवळची पोरं सगळीकडे अशीच

नियमबाई :
आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किमीच्या आत हवी, सहावी ते आठवीची ३ किमीच्या आत.

पऱ्याकाठचा :
मोजतात कुठून पण? कावळा उडाला तर आमची अर्धा किमी. साकव गेला की वरच्या पुलावरून वळसा, चारच्या वर.

वडाप७७ :
आम्ही जीपच्या मागच्या फळीवर लटकून. आत बाजाराची माणसं, कोंबड्या. मोठ्या बहिणीला अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास, मला सवलतीचा. तो काढायचा तर बोनाफाईड आणा, फोटो आणा, रांग लावा. फोटोत कॉलर वर राहिली होती, वर्षभर कंडक्टरकाका चिडवायचे.

नियमबाई :
मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे आता. मुलांना ६६.६६ टक्के सवलत.

वडाप७७ :
ते .६६ कुणी काढलं असेल 😄

शाळामास्तरीण :
डबा भरता भरता लिहितेय, चुका पोटात घाला. २०२१ ला ४ ऑक्टोबरला शाळा उघडल्या, दीड वर्षाने पोरं दिसली, आणि महिनाअखेरीस एसटीचा संप. तो एप्रिलपर्यंत. माझ्या दहावीच्या वर्गातल्या लांबच्या मुली एकेक कमी व्हायला लागल्या. मुलगे कुणाच्याही बाईकवर मागे बसून यायचे, मुलींना तसं कोण पाठवतं? दोघी शाळेजवळ एकीच्या आत्याकडे राहिल्या, पेपर संपेपर्यंत. आत्याबाईंना साडी नेसवली आम्ही स्टाफने.

सुगरण :
@शाळामास्तरीण आत्याबाईंना नमस्कार सांगा 🙏

घाटवाट :
त्याच वेळचं, कोयनेच्या जलाशयापलीकडच्या खिरखंडीच्या मुली. स्वतः होडी वल्हवत यायच्या, मग पुढे जंगलातून चालत. बातमी वाचून उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली.

पऱ्याकाठचा :
हे वाचून माझा साकव मी मागे घेतो.

सायकलराणी :
कुणी कैची मारलीय का इथे? बाबांची २४ इंची, सीटवर पाय पुरत नाहीत, दांडीखालून पाय घालून वाकडं वाकडं. चेन हमखास शाळेच्या दारात पडायची. काळे हात युनिफॉर्मला पुसले की घरी दुसरा कार्यक्रम. आता भाचीला आठवीत सायकलचे पैसे मिळाले सरकारकडून, तिला गिअरची हवी!

तिसरामजला :
गिअर कशाला, शाळा किती लांब आहे तिची?

सायकलराणी :
दोन किमी. पण चढ आहे म्हणते. चढ कसला, बांध आहे तो.

वडाप७७ :
बिनगिअरची घ्या. गिअर बिघडला की गावात कोण दुरुस्त करणार? कॅरिअर मात्र दणकट बघा, मैत्रीण बसणारच.