टेपर डेटम घेतला की सीएमएमवर (प्रोब टेकवून मोजणाऱ्या मशीनवर) कोअॅक्सिअॅलिटी उड्या मारते, चूक कुठे शोधू?

भोसरी_क्वालिटी:
मंडळी, दोन दिवस डोकं बंद पडलंय, जरा बघा. एक स्लीव्ह (पोकळ नळी) आहे, एका तोंडाला आतून १:१० चा टेपर (दर १० एमएमला डाया १ ने बदलणारा उतार), गेज डाया (टेपरचा ठरवून दिलेला डाया) ३०, टेपरची लांबी जेमतेम १४ एमएम. ड्रॉइंगवर टेपर हाच डेटम (मोजमापाचा आधार) ए, तोंडाची फेस डेटम बी, आणि तोंडापासून ११० वर दुसऱ्या टोकाला जो बोअर आहे त्याची ए ला कोअॅक्सिअॅलिटी (दोघांचे अक्ष एका रेषेत असणं) ०.०३ एमएम. मी टेपरमध्ये ४-४ पॉइंटचे दोन सर्कल घेतो, मधे १० एमएम अंतर, त्यातून कोन बनवतो (शंकूवाला कोन हो, अँगल नाही), त्याच्या अॅक्सिसवर लेव्हल (म्हणजे तोच अक्ष पायाभूत धरतो) आणि मग बोअर मोजतो.
पीस न हलवता दहा वेळा चालवला तर २ मायक्रॉनच्या (०.००२ एमएम) आत रिपीट होतो, ०.०५५ येतं. काढून ९० फिरवून लावला तरी तेच ०.०५५. पण काल ऑपरेटरने घाईत तिरका लावला, साधारण ४५ ला, तर ०.०३९ आलं आणि बोअर चक्क उलट्या बाजूला सरकलेला दाखवतंय, मार्करचा ठिपका होता म्हणून कळलं. स्टायलस (प्रोबची टेकणारी काडी) दोनदा क्वालिफाय (कॅलिब्रेट) केला, रूम २० डिग्रीला, कोनचा फॉर्म (नेमक्या शंकूपासून किती हटला) १ मायक्रॉनच्या आत म्हणजे टेपर झकास आहे. आणखी एक, गेज डायाची खोली टेपर प्लग गेजपेक्षा (टेपरमध्ये बसवून तपासायचा तयार नमुना) २५ मायक्रॉनने वेगळी येते. प्रॉडक्शनवाले म्हणतात तुमचं मशीनच खोटं बोलतंय.

प्रोब_पंटर:
एवढ्याशा टेपरवर लेव्हल करूच नको भाऊ. फेसवर लेव्हल कर, टेपरचं फक्त सेंटर घे, आकडा लगेच शांत होईल. आम्ही असंच करतो.

मोजमाप_ताई:
आकडा शांत होईल पण तो ड्रॉइंगचा आकडा नसेल. टेपर पहिला डेटम असला की तो एकटाच पीसच्या सहापैकी पाच हालचाली बांधतो, फक्त स्वतःभोवती फिरणं उरतं. असेंब्लीत पीस टेपरवर बसणार, फेस कुठे टेकेल ते नंतर. फेस टेपरला काटकोनात नसेल तर तुमचा रिपोर्ट ओके आणि कस्टमरकडे पीस वाकडा. असं करायचंच असेल तर आधी कस्टमरकडून लेखी घ्या.
बाकी उडी एवढी मोठी का दिसते ते सोपं आहे. दोन सर्कल १० वर आणि बोअर ११० वर, म्हणजे एका सर्कलचं सेंटर १ मायक्रॉन सरकलं की तिकडे १० - ११ मायक्रॉन, आणि कोअॅक्सिअॅलिटी डायामध्ये रिपोर्ट होते म्हणून त्याच्या दुप्पट. पण ९० ला तेच येतं आणि ४५ ला उलटतं हे मला विचित्र वाटतंय. प्रोबची एरर असती तर पीस फिरवल्यावर ९० लाही दिशा बदलली असती ना.

निवृत्त_टूलरूम:
ताईंनी बरोबर नस पकडली. मला एकच सांगा, टेपर बोअर करताना पीस तीन जॉच्या चकमध्ये (मशीनचा पीस पकडणारा पंजा) तोंडाजवळच धरता का? भिंत पातळ असेल तर जॉ दाबतात, तुम्ही गोल बोअर करता, आणि जॉ सोडला की पीस उलगडतो, तीन कंगोरे तयार. आता अशा भोकात ९० - ९० वर चार पॉइंट घ्या. एक पॉइंट कंगोऱ्यावर पडला तर बरोबर समोरचा पडतो खोलगटात, उरलेले दोन मधल्या उंचीवर. सॉफ्टवेअरला हे अगदी सेंटर सरकलेल्या स्वच्छ गोल भोकासारखं दिसतं, म्हणून फॉर्म शून्याच्या आसपास. टेपर झकास नाही हो, चार पॉइंटना तो दिसतच नाही. ९० फिरवलंत की प्रोब परत त्याच चार जागी टेकतो, ४५ फिरवलंत की उंच आणि खोल बाजूंची अदलाबदल होते, सेंटर उलट बाजूला. आणि तोंडाशी कंगोरे जास्त, आत कमी असणार, मग दोन सेंटर सारखी सरकत नाहीत आणि अॅक्सिस तिरका होतो. आमच्या वेळी हे वी-ब्लॉकवर (व्ही खाचेचा ठोकळा) पीस ठेवून डायल लावून सापडायचं. कोन बसवायला गणिताने ६ पॉइंट पुरतात म्हणून लोक ८ घेऊन निवांत होतात, वैताग येतो.

भोसरी_क्वालिटी:
काका पाया पडतो. हो, तीन जॉ, तोंडाजवळच, भिंत ४ एमएम. सर्कल स्कॅन केले, तोंडाशी राउंडनेस ८ मायक्रॉन, आत ३, आणि ग्राफवर तीन फुगे स्पष्ट. आता तीन लेव्हलवर १६-१६ पॉइंट घेतले, ०.००९ आलं, ४५ ला फिरवलं तर ०.०११. म्हणजे पीस ओके होता आणि आम्ही रिजेक्ट करत होतो! खोलीचं मात्र तसंच आहे.

मोजमाप_ताई:
२ एमएमचा बॉल आहे का? आणि खोलीसाठी साधा सर्कल घेता का? सर्कल फीचर बॉलची त्रिज्या सरळ आडवी जमा करतं, पण बॉल टेपरला तिरका टेकलेला असतो. १:१० ला डाया साधारण अडीच मायक्रॉन लहान येतो, आणि या टेपरवर डायातला फरक खोलीत दहापट, झाले तुमचे २५. खोली कोन फीचरवरूनच काढा, पॉइंटचे वेक्टर (प्रोब टेकण्याची दिशा) टेपरच्या पृष्ठभागाला काटकोनात द्या, मग डाया ३० कुठे येतो ते विचारा. फक्त कोनचा डिफॉल्ट पॉइंट ओरिजिनला (शून्य बिंदूला) घेऊ नका, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो शंकूचं टोक असतो, तुमच्या केसमध्ये गेज डायापासून ३०० एमएम लांब हवेत.

भोसरी_क्वालिटी:
हो, २ चाच बॉल, आणि सर्कलच घेत होतो. कोनवरून काढली, प्लग गेजशी ४ मायक्रॉनमध्ये जुळली. प्रॉडक्शनला कंगोऱ्यांचा ग्राफ दाखवला तर म्हणे मग सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे, पीसच्या मापाला बोअर करता येणारे जॉ) गुंडाळून धरू, पण सायकल टाइम वाढला तर तुमच्या नावावर लावणार.

निवृत्त_टूलरूम:
लावू दे. सॉफ्ट जॉ चकवरच बोअर करून घ्यायला सांगा, नाहीतर परत तेच.