२०१६ ची क्लासिक की २०२२ ची? ८५ हजार विरुद्ध १ लाख ४५

उंब्रजकर
मंडळी, महिनाभर हाच घोळ चाललाय, आता तुम्हीच काय ते सांगा. राहायला उंब्रज, नोकरी सातारा एमआयडीसीत, जाऊन-येऊन रोज ७० किमी. महिन्यातून एकदा सासुरवाडीला चिपळूणला, कुंभार्ली घाटाने, मागे बायको आणि तिच्या मांडीवर सॅक. आत्तापर्यंत एसटी आणि मेव्हण्याची स्प्लेंडर यावर भागवलं. आता रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घ्यायचीच, सेकंडहँड. दोन गाड्या नजरेत आहेत.

पहिली २०१६ ची. जुनं यूसीई इंजिन, कार्बोरेटर, फर्स्ट ओनर, मीटरवर ३१ हजार. मालक कराडचे निवृत्त गृहस्थ, ८५ हजार म्हणतात आणि त्यावर हलत नाहीत.

दुसरी मार्च २०२२ ची. नवं जे-सिरीज इंजिन, दोन्ही चाकांना डिस्क, ड्युअल चॅनल एबीएस (करकचून ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकं लॉक होऊ न देणारं). सेकंड ओनर, २४ हजार रनिंग. १ लाख ४५ सांगतोय, १ लाख ३८ ला येईल असा अंदाज.

माझ्याकडे रोख लाखभर. दुसरी घेतली तर पतसंस्थेत जावं लागणार. आणि खरं सांगायचं तर जीव पहिलीवर आहे. कराडच्या काकांनी गेटच्या आतच चालू करून दाखवली, तो आवाज अजून कानात आहे.

दहाअकराचा_पाना
पहिली घे आणि विषय संपव.

माझं गॅरेज आहे, दोन्ही इंजिनं रोज हाताखाली असतात, म्हणून बोलतो. यूसीई हे साधं पुशरॉडचं इंजिन. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) हायड्रॉलिक, म्हणजे फट आपोआप जुळते, त्यामुळे टॅपेट सेटिंग ही भानगडच नाही. नव्या इंजिनात मात्र टॅपेट बघावे लागतात, हे नवी गाडी घेणाऱ्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं. कार्बोरेटरमध्ये कचरा आला तर बाऊल काढ, जेट फुंक, बसव, चल. पाटणच्या पुढे कुठल्याही फिटरला जमेल. नव्या गाडीत इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. मीटरवर पिवळा दिवा लागला की कोडिंगचं मशीन असलेला माणूस शोधत फिरायचं.

स्पेअरचीही चिंता नाही. क्लासिक नव्या इंजिनावर गेली २०२१ मध्ये, पण बुलेट ३५० सप्टेंबर २०२३ पर्यंत याच कुळीच्या इंजिनावर होती. इतकी वर्षं लाखांनी निघालेल्या इंजिनाचे पार्ट उद्या बंद होणार नाहीत.

आणि ताकदीचं म्हणशील तर जुनी १९.८ बीएचपी, नवी २०.२. टॉर्क जुनीला २८, नवीला २७. ह्यासाठी ५३ हजार जास्त?

घाटमाथा
पानासाहेब, आकडे बरोबर, हिशेब चुकला.

जुन्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर, नव्याचा ७२ आणि ८५.८. नव्यात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, जुन्यात नाही. जुनी आपली १९.८ ची ताकद ५२५० आरपीएमला देते, नवी ६१०० पर्यंत मजेत चढते. कागदावर हा फरक चिमूटभर वाटतो. तोच हायवेला ८५ च्या स्पीडला बघा. जुनीच्या आरशात मागे काहीतरी मोठं आहे एवढंच कळतं, ट्रक आहे का टँकर ते जवळ आल्यावर. नवीच्या आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो.

धागाकर्ता रोज ७० किमी जाणार, तेही चारपदरी हायवेने. महिन्याचे २५ दिवस धरले तर १७५० किमी, वर्षाला २१ हजार. एवढी थरथर मनगटात आणि तळपायात घेऊन आठ तास ड्युटी करायची. रविवारी मिसळ खायला जाणाऱ्याला जुनी ठीक, रोजच्या माणसाला नवी.

फ्रेमही वेगळी. जुनीत पुढून एकच नळी खाली येते आणि इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग होतं. नवीत दोन नळ्या. वळणावर मागे माणूस असताना फरक कळतो, मला तरी कळला.

ओतीव_लोखंड
तुम्ही दोघं ज्या दोन गाड्यांवरून भांडताय त्या माझ्या लेखी दोन्ही बटणाच्या.

माझ्याकडे १९८८ ची आहे, ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. चालू करायची तर डिकंप्रेसरचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका ओढायचा, किक हळूहळू दाबायची, अँपिअरचा काटा मध्यावर आला की थांबायचं. खटका सोडायचा, किक वर घ्यायची आणि मग पूर्ण अंगाने एकच मारायची. काटा मध्यावर नसताना घाई केली तर किक उलटी येते आणि नडगी आठवडाभर बोलते. मुलाने पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा चप्पल अंगणाच्या कुंपणापलीकडे गेली होती. आता तो मीटिओर चालवतो आणि माझ्या गाडीवर कपडे वाळत घालतो.

अवांतर झालं. मुद्दा असा, की आवाजावर भाळून घेत असाल तर यूसीई हा तो आवाज नव्हेच. २००९ ला क्लासिक आली तेव्हा आम्ही जुने लोक हेच म्हणत होतो, गिअरबॉक्स आणि इंजिन एकत्र केलं, बुलेटचा जीव गेला. आता त्याच इंजिनाला लोक ‘खरी बुलेट’ म्हणतात. आणखी दहा वर्षांनी जे-सिरीजचे गोडवे गातील.

दहाअकराचा_पाना
काका, मान तुमच्या गाडीला. पण त्याला कामावर जायचंय, पूजा नाही करायची.

घाटमाथा, रोजच्या माणसाचंच सांगतो. बॅटरी बसली तर यूसीईला किक आहे. नवीला किकच नाही!

सॅकबांध्या
किकच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. चूक सगळी माझी, गाडीला बोल लावत नाही. माझीही नवी, मागच्याच वर्षी घेतलेली. कोयनानगरला टपरीवर थांबलो, पार्किंग लाइट चालू ठेवून चावी काढली आणि दीड तास गप्पा मारल्या. परत आलो तर बटण दाबलं की नुसती टिकटिक. उतारावर सेकंडला टाकून ढकलली, तरी नाही. टपरीवाले मामा म्हणाले, अहो इंजेक्शनची गाडी, टाकीतल्या पंपालाच करंट नाही तर पेट्रोल येणार कुठून! शेवटी एका जीपवाल्याने वायर लावून चालू करून दिली. किक असती तर चहाच्या दुसऱ्या कपाआधी निघालो असतो.

घाटमाथा
किक आहे म्हणून लोक मेलेली बॅटरी वर्षभर ओढतात, हेही लिहा ना. यूसीईमध्ये अर्धवट बॅटरीवर बटण दाबत राहिलं की स्टार्टरचा स्प्रॅग क्लच (स्टार्टरची फिरकी इंजिनाला देणारा भाग) जातो. तो बदलायचा खर्च पानासाहेबच सांगतील.

दहाअकराचा_पाना
सांगणार नाही, गिऱ्हाईक पळेल. 😀 पण मुद्दा मान्य. कराडच्या काकांची गाडी बघताना बटणावर ‘खर्रर्र’ असा आवाज येतो का ते ऐक.

कोकणकडा
सात प्रतिसाद झाले आणि सगळे इंजिनावर. ब्रेकचा विषय मूळ धाग्यात आला तेवढाच.

मी चिपळूणची. दर पंधरा दिवसांनी कुंभार्ली चढते-उतरते, स्वतःच्या गाडीवर. आमच्या गावचे जावई आहात म्हणून भावोजी, स्पष्ट सांगते. २०१६ च्या गाडीला एबीएस नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. तुमच्या दोन गाड्यांत खरी पिढी इथे बदलते.

जुलैत घाटमाथ्याकडून पोफळीकडे उतरताना काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, डोंगराकडून रस्त्यावर पाणी आडवं वाहतं, त्या पाण्याच्या कडेला शेवाळ धरतं, आणि वळणावर कुठल्यातरी ट्रकने डिझेल सांडलेलं असतं. अशात समोर म्हैस आली की बोटं आपोआप आवळतात. मेंदूला विचारून कोणी ब्रेक दाबत नाही. पुढचं चाक तिथे लॉक झालं की मागे बसलेल्या बाईच्या हातात काहीच नसतं, सॅक सोडून.

दहाअकराचा_पाना
ताई, एबीएस नव्हतं तेव्हा माणसं घाट उतरत नव्हती का?

कोकणकडा
उतरत होती की. काही रस्त्याने, काही थेट.

ओतीव_लोखंड
माझ्या गाडीला तर पुढेही ड्रम. मी पावसाळ्यात तिला बाहेरच काढत नाही. कोकणकडा यांच्याशी सहमत.

दहाअकराचा_पाना
बरं, ब्रेकवर मी गप्प. इंजिनावर नाही.

खर्चवही
कोणी पैशाकडे वळतंय का म्हणून वाट पाहत होतो.

८५ हजार हा आकडा पूर्ण नाही. २०१६ ची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का बघा, नसेल तर ती तुमच्या माथी. इन्शुरन्स दरवर्षी. रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, म्हणजे २०३१ ला पुन्हा पासिंग आणि वर पर्यावरण कर. २०२२ ची गाडी २०३७ पर्यंत निवांत. शिवाय सप्टेंबर २०१८ नंतरच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे तिचा मार्च २०२७ पर्यंत असायला हवा, कागद मागून घ्या. गाडी कुठलीही घ्या, पॉलिसी १४ दिवसांत नावावर करा. लोक आरसी करतात आणि हे विसरतात.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, म्हणजे तुमच्या दोन्ही. पण कार्बोरेटरच्या गाडीत रबराचे वायसर, पाइप, फ्लोट हे जास्त भोगतात, आणि गाडी उभी राहिली की टाकीत पाणी धरून गंज येतो. काकांची गाडी बरीच उभी असणार. टॉर्च घेऊन जा आणि टाकीचं झाकण उघडून आत बघा.

आता दुसरीच्या किमतीबद्दल. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ही ३४९ सीसी, नेमकी आत बसते. नवीच स्वस्त झाली तर साडेतीन वर्षांची सेकंड ओनर १ लाख ४५ ला कशी? हा माणूस जुन्या बाजारातला भाव सांगतोय. सव्वा लाखापासून बोलायला सुरुवात करा आणि तोंड वाकडं केलं तर उठून चालू लागा.

सॅकबांध्या
+१. रिकॉलचं कोणी विचारण्याआधी सांगतो: डिसेंबर २०२१ ला नव्या क्लासिकच्या मागच्या ब्रेकच्या ब्रॅकेटसाठी रिकॉल होता, पण तो मागे ड्रम असलेल्या, सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ मध्ये बनलेल्या गाड्यांना. तुमची मार्च २०२२ ची आणि मागे डिस्क, त्यात बसत नाही.

दहाअकराचा_पाना
उंब्रजकर, घे कुठलीही, बघायला जाताना हे कर. आदल्या रात्री फोन करून सांग, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लाव. थंड हवं. गरम इंजिन कुठलंही गोड वाजतं.

जुनीचं मीटर केबलवर चालतं. पुढच्या चाकाजवळ केबल सोडली की गाडी काशीला जाऊन आली तरी मीटर तिथेच. ३१ हजारावर विश्वास ठेवू नकोस, ब्रेकच्या पेडलचा रबर बघ, किकचा रबर बघ, चेन स्प्रॉकेटचे दात बघ. दात शार्कसारखे झाले असतील आणि मालक ‘फार चालवली नाही’ म्हणत असेल तर चहा पी आणि निघ.

उंब्रजकर
सगळ्यांना धन्यवाद. रविवारी दोन्ही बघून आलो, आमचा मेव्हणा सोबत होता.

कराडची: रात्री फोन केला होता, तरी हात लावला तर इंजिन कोमट. काका म्हणाले, “सकाळी दूध आणायला गेलो होतो.” असेलही. बटणावर खर्रर्र नाही, आवाज तोच, मन पुन्हा डळमळलं. मग टाकीत टॉर्च मारला. झाकणाच्या आतल्या कडेला बोटभर तांबडं, आणि बोट फिरवलं तर पावडर हाताला. ब्रेकच्या पेडलचा रबर मधोमध गुळगुळीत, किकचा मात्र नवाकोरा. काकांना विचारलं नाही, वयाने मोठे आहेत. मेव्हण्याने परत येताना एवढंच विचारलं, “ताई ह्याच्यावर बसणार?”

दुसरी: इंजिन थंड, पहिल्या सेलला चालू. मेव्हण्याला मागे बसवून हायवेला नेली, ८० ला आरसा खरंच स्थिर. भाव १ लाख २८ वर आला, जीएसटीचं नाव काढताच पोरगा नरमला. पण आरसीवर पहिल्या मालकाच्या कर्जाचा बोजा अजून तसाच. म्हणतो कर्ज फिटलंय, फायनान्स कंपनीची एनओसी शोधतो.

खर्चवही
एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. ‘शोधतो’ म्हणजे काय, ती हरवलेली बकरी आहे का?

उंब्रजकर
नाही दिलं. शुक्रवारपर्यंतची मुदत दिलीय. बायकोला सांगितलं तर म्हणाली, आवाज कमी असलेली घेताय ना, मग बोलता तरी येईल.

ओतीव_लोखंड
कराडच्या काकांचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. टाकी मी घासून घेईन.